मिनी ट्रॅक्टर स्वस्त झाला, पण बागेतली लाकडं ओढण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीत गावाहून काकांचा फोन आला. "अरे, ट्रॅक्टरचा जीएसटी कमी झालाय म्हणे. काजूच्या बागेसाठी छोटा घेऊ का? पडलेली झाडंपण ओढता येतील." प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधता शोधता माझी एक रात्र गेली.

आधी किंमत बघू. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे करापूर्वीची किंमत 5 लाख असेल, तर कर 60 हजारांऐवजी 25 हजार. सरळ 35 हजारांची बचत. त्यामुळे सध्या रील्समध्येही मिनी ट्रॅक्टरच दिसतोय.

झाडीत तो उपयोगी आहे, यात वाद नाही. अरुंद असल्याने दोन झाडांच्या मधून जातो, कमी जागेत वळतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ओल्या मातीतही पकड मिळते. पीटीओवर फवारणीचा पंप चालतो.

मग अडचण कुठे आहे?

ओंडका ओढताना. समजा, साखळी तुम्ही मागे उंचावर, म्हणजे टॉप लिंकच्या जागी बांधली. ओंडका मुळात अडकला. मागची चाकं जागची हलत नाहीत, पण इंजिनचा जोर तर चालूच आहे. मग तो जोर ट्रॅक्टरचं नाकच वर उचलतो. साखळी मागच्या अॅक्सलच्या वर असेल, तर तीही त्याला मागेच खेचते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायला एक-दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत खेळ खलास.

म्हणून साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधायची. तिथे नाक उचललं गेलं की ड्रॉबार खाली जातो आणि ओढ पुन्हा नाक खाली आणायला मदत करते. पुढे वजनं लावायची, पहिला गिअर ठेवायचा, झटका द्यायचा नाही. उतारावर आडवं चालवायचं नाही.

उतार किती, हे डोळ्यांनी कळत नाही. इथे तुमचा फोन कामाला येतो. त्यातला अॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यामुळे लेव्हलच्या अॅपवर कोन दिसतो. लांब फळी जमिनीवर ठेवा, तिच्यावर फोन ठेवा. मात्र अंश आणि टक्के यांत गफलत करू नका: 15 अंश म्हणजे जवळपास 27 टक्के उतार. आणि फोन दगड, खड्डा, भुसभुशीत माती सांगत नाही.

रोप्स म्हणजे काय?

सीटमागची मजबूत लोखंडी कमान. ट्रॅक्टर उलटला तरी चालकासाठी जागा राखते. सोबत सीटबेल्ट हवाच. कमान नसेल तर मात्र बेल्ट लावायचा नाही, कारण तो तुम्हाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवेल. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरना ही कमान 1959 मध्येच सक्तीची केली. आपल्याकडे मात्र आजही कितीतरी ट्रॅक्टर कमानीशिवाय फिरताना दिसतात. बागेत फांद्या लागतात म्हणून दुमडणारी कमान मिळते. पण फांद्यांखालून बाहेर आलं की ती उभी करायची, हे लोक विसरतात.

मी काकांना एवढंच म्हटलं, "ट्रॅक्टर घ्या. पण वाचलेले 35 हजार टेप आणि सजावटीवर घालवू नका. त्यातून आधी कंपनीची कमान, बेल्ट आणि पुढची वजनं घ्या."

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साखळी वरतीच बांधतात रे सगळे इथे."

तुमच्याही घरी कोणी बांधत असेल, तर आज एक फोन करा.