किफिन परत येत आहेत, मात्र प्रतिस्पर्धी म्हणून

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा २०२६ चा हंगाम जेमतेम तिसऱ्या आठवड्यात असताना, शनिवार, १९ सप्टेंबर रोजी, मिसिसिपी राज्यातील ऑक्सफर्ड या लहानशा शहरात होणाऱ्या एका सामन्याकडे त्या देशातील क्रीडारसिकांचे लक्ष आतापासूनच लागले आहे. यजमान आहे मिसिसिपी विद्यापीठाचा संघ. त्याला सर्वजण ‘ओल मिस’ या नावानेच ओळखतात. पाहुणा आहे शेजारच्या राज्यातील लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजेच एलएसयूचा संघ. दोघेही साउथईस्टर्न कॉन्फरन्स या सोळा विद्यापीठांच्या गटाचे सदस्य असून त्यांच्यातील पहिला सामना १८९४ मध्ये झाला होता. मात्र या वेळच्या उत्सुकतेचे कारण एकच व्यक्ती आहे. सहा हंगाम ओल मिसचे मुख्य प्रशिक्षक असलेले लेन किफिन त्या मैदानावर प्रथमच एलएसयूचे प्रशिक्षक म्हणून उतरणार आहेत.

भारतीय वाचकाला येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण व खांद्यांवर कवच घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचा हा खेळ. विद्यापीठांचे संघ तेथे व्यावसायिक संघांच्या तोडीची लोकप्रियता मिळवून आहेत. ऑक्सफर्डची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार पंचवीस हजारांच्या आसपास आहे; तेथील व्हॉट-हेमिंग्वे स्टेडियममध्ये चौसष्ट हजार प्रेक्षक बसतात. बॅटन रूज येथील एलएसयूच्या स्टेडियमची क्षमता तर एक लाखाहून अधिक आहे. आपल्याकडे आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकाच्या सामन्याला किती प्रेक्षक येतात, हे आठवले म्हणजे अंतर लक्षात यावे.

या सामन्याची बीजे २०२५ च्या शरदात पेरली गेली. एलएसयूने २०२१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाकडून ब्रायन केली यांना दहा वर्षांच्या, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर आणले होते. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी टेक्सास ए अँड एम संघाने एलएसयूचा त्यांच्याच मैदानावर ४९-२५ असा पराभव केला आणि दुसऱ्याच दिवशी केली यांना पदावरून दूर करण्यात आले. करारानुसार त्यांना देय असलेली रक्कम पाच कोटी डॉलरहून अधिक होती. राज्यपाल जेफ लँड्री यांनी या आकड्यावर उघडपणे संताप व्यक्त केला आणि नवा प्रशिक्षक क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत, असे जाहीर केले. काही दिवसांतच वुडवर्डही पायउतार झाले. एखाद्या राज्याच्या प्रमुखाने विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक कोणी निवडावा यावर भाष्य करावे, हे आपल्याला विचित्र वाटेल. लुइझियानात ते फारसे कोणाला विचित्र वाटले नाही.

त्याच सुमारास ओल मिसचा संघ इतिहासातील सर्वोत्तम हंगामांपैकी एक खेळत होता. बारा सामन्यांत अकरा विजय, एकमेव पराभव जॉर्जियाकडून. बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये या विद्यापीठाचा प्रवेश प्रथमच निश्चित झाला होता. आणि नेमक्या याच वेळी, ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, किफिन यांनी एलएसयूचा प्रस्ताव स्वीकारला. करार सात वर्षांचा, वर्षाला सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरचा. रुपयांत वर्षाला शंभर कोटींहून अधिक. प्लेऑफ संपेपर्यंत ओल मिसचे प्रशिक्षकपद सांभाळण्याची त्यांची इच्छा होती. क्रीडा संचालक कीथ कार्टर यांनी ती अमान्य केली आणि बचाव विभागाचे समन्वयक पीट गोल्डिंग यांच्याकडे संघाची सूत्रे सोपविली.

किफिन यांच्यावर त्यानंतर विश्वासघाताचा आरोप झाला व तो अजून शमलेला नाही. परंतु या प्रकरणाकडे केवळ एका माणसाच्या स्वभावाचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे ठरेल. दोष वेळापत्रकाचाही आहे. शालेय खेळाडूंशी नव्या हंगामासाठी करार करण्याची मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. इतर विद्यापीठांतून खेळाडू घेण्याचा मार्ग, म्हणजे ‘ट्रान्सफर पोर्टल’, २ जानेवारी २०२६ रोजी खुला झाला आणि १६ तारखेला बंद झाला. प्लेऑफ सुरू झाले १९ डिसेंबरला आणि अंतिम सामना झाला १९ जानेवारीला. म्हणजे ज्या सहा-सात आठवड्यांत जुन्या संघासाठी सर्वांत महत्त्वाचे सामने खेळायचे, त्याच आठवड्यांत नव्या संघाची बांधणी करायची. प्रशिक्षकाची गरज असलेले विद्यापीठ जानेवारीपर्यंत थांबले, तर पुढचे वर्ष हातचे गेलेच म्हणून समजावे. एलएसयूने २०२१ मध्ये केली यांना आणले तेव्हाही नोत्र दामला प्लेऑफची आशा होती. आपल्याच जुन्या पद्धतीची त्या विद्यापीठाने पुनरावृत्ती केली, एवढेच.

या व्यवस्थेतील विसंगती एका उदाहरणाने स्पष्ट होते. ओल मिसच्या आक्रमणाचे समन्वयक चार्ली वाइस ज्युनियर हे किफिन यांच्यासोबत एलएसयूकडे गेले; आणि नंतर एलएसयूच्याच संमतीने ओल मिसच्या प्लेऑफमधील डावपेच आखण्यासाठी परतले. प्रतिस्पर्ध्याच्या नोकरीत असलेला मनुष्य आपल्या संघाच्या चाली ठरवतो आहे, हे दृश्य ओल मिसच्या चाहत्यांनी मुकाट्याने पाहिले.

पाहिले, कारण संघ जिंकत होता. गोल्डिंग यांच्या नेतृत्वाखाली ओल मिसने ट्युलेन संघाला ४१-१० असे नमविले. १ जानेवारी २०२६ रोजी न्यू ऑर्लिन्समधील शुगर बोल सामन्यात, साखळीत हरविणाऱ्या जॉर्जियावर त्यांनी ३९-३४ अशी मात केली. आठवडाभराने उपान्त्य फेरीत मायामीविरुद्ध ते ३१-२७ असे हरले. मायामीचा निर्णायक टचडाउन शेवटच्या वीस सेकंदांत झाला. अंतिम सामन्यापासून ओल मिस एवढ्याच अंतरावर राहिले. किफिन यांच्याविना हा संघ काय करील, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळाले होते. अर्धेच अशासाठी की तो संघ किफिन यांनीच बांधलेला होता. गोल्डिंग यांचा स्वतःचा संघ २०२६ मध्ये प्रथमच मैदानावर येत आहे.

आता प्रत्यक्ष खेळाचा विचार करू. किफिन यांच्या आक्रमणाचे वैशिष्ट्य म्हणजे गती. एक चाल संपताच बचावाला श्वास घेऊ न देता पुढची चाल सुरू करायची, खेळाडू बदलण्यास वेळ द्यायचा नाही आणि चौथ्या प्रयत्नात इतर प्रशिक्षक चेंडू लाथाडून देतात तेथे धोका पत्करायचा. २७ सप्टेंबर २०२५ रोजी याच मैदानावर ओल मिसने एलएसयूला २४-१९ असे हरविले, तेव्हा अखेरच्या मिनिटांत त्यांनी असाच धोका पत्करून चेंडू आपल्याकडे राखला होता. धावसंख्येतील फरक पाच गुणांचा असला तरी यार्डांच्या हिशेबात यजमान बरेच पुढे होते. एलएसयूचा बचाव त्या हंगामात समाधानकारक होता. संघ बुडाला तो आक्रमणामुळे. हंगामाअखेर सात विजय आणि सहा पराभव अशी त्यांची स्थिती होती. किफिन यांनी बचावाचे समन्वयक ब्लेक बेकर यांना कायम ठेवले आणि आक्रमण नव्याने उभारण्यास घेतले, हे त्यांच्या निदानाशी सुसंगत आहे. अ‍ॅरिझोना स्टेटचा क्वार्टरबॅक सॅम लेव्हिट पोर्टलमधून एलएसयूकडे आला आहे. ओल मिसमधील काही खेळाडूही किफिन यांच्या पाठोपाठ गेले.

दुसऱ्या बाजूला गोल्डिंग हे बचावाचे प्रशिक्षक आहेत. २०२३ पासून तीन वर्षे सरावात रोज त्यांच्यासमोर उभे राहिले ते किफिन यांचेच आक्रमण. कोणत्या रचनेतून कोणती चाल निघते, घाई केव्हा खरी असते आणि केव्हा केवळ हुलकावणी असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? अर्थात हे ज्ञान दुहेरी आहे. गोल्डिंग यांचा बचाव कोठे उघडा पडतो, हेही किफिन यांनी तीन वर्षे पाहिले आहे. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते लाभ किंचित गोल्डिंग यांच्याकडे झुकतो. किफिन यांना नव्या खेळाडूंना आपली भाषा शिकवायची आहे आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती पुरती अंगवळणी पडत नाही. गोल्डिंग यांच्या खेळाडूंना ती आधीच येते. योगायोग असा की गोल्डिंग यांचे मूळ गाव लुइझियानातील हॅमंड, बॅटन रूजपासून तासाभराच्या अंतरावर.

ओल मिसच्या आक्रमणात धावपटू केवन लेसी कायम आहे, ही यजमानांची मोठी जमेची बाजू. क्वार्टरबॅक ट्रिनिडॅड चॅम्ब्लिस याची कथा वेगळीच आहे. दुसऱ्या श्रेणीतील फेरिस स्टेटला २०२४ चे विजेतेपद मिळवून देणारा हा खेळाडू २०२५ मध्ये ओल मिसकडे राखीव म्हणून आला, नियमित खेळाडू जायबंदी झाल्याने संघात आला आणि जॉर्जियावरील विजयाचा नायक ठरला. आणखी एक वर्ष खेळण्याची त्याची विनंती राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने जानेवारी २०२६ मध्ये फेटाळली. पुढच्याच महिन्यात मिसिसिपीतील न्यायालयाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. खेळाडू पात्र आहे की नाही हे मैदानाबाहेर, न्यायाधीशांसमोर ठरावे, हा अलीकडच्या काळातील नित्याचा प्रकार झाला आहे.

पैशाचा प्रश्नही येथूनच सुरू होतो. ६ जून २०२५ रोजी संमत झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर होती, आणि तीही सर्व खेळांतील सर्व खेळाडूंसाठी मिळून. एकट्या किफिन यांचे वार्षिक मानधन या रकमेच्या निम्म्याहून अधिक भरते. मिसिसिपी आणि लुइझियाना ही दोन्ही राज्ये कौटुंबिक उत्पन्नाच्या क्रमवारीत देशाच्या तळाशी आहेत, हे ध्यानात घेतले तर या आकड्यांकडे केवळ क्रीडावार्ता म्हणून पाहता येत नाही. हा पैसा प्रामुख्याने दूरचित्रवाणीचे हक्क, तिकिटे आणि देणगीदार यांच्याकडून येतो, असे समर्थन केले जाते. ते बव्हंशी खरेही आहे. तथापि एका प्रशिक्षकाला न राहण्याबद्दल आणि दुसऱ्याला येण्याबद्दल एकाच वेळी पैसे मोजणाऱ्या संस्थेला तिसऱ्या आठवड्यात झालेला पराभव किती महाग वाटेल, याची कल्पना करता येते.

प्रेक्षकांचा रोष हा केवळ तर्काचा विषय नाही. किफिन २००९ मध्ये टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक होते आणि एकाच हंगामानंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते ओल मिसचा संघ घेऊन नॉक्सव्हिलला परतले, तेव्हा जवळपास बारा वर्षे उलटली होती. तरीही अखेरच्या टप्प्यात मैदानावर बाटल्यांचा वर्षाव झाला, किफिन यांच्या दिशेने गोल्फचा चेंडू भिरकावण्यात आला आणि खेळ सुमारे वीस मिनिटे थांबवावा लागला. टेनेसीला अडीच लाख डॉलरचा दंड झाला. सामना मात्र ओल मिसने ३१-२६ असा जिंकला. ऑक्सफर्डमध्ये या वेळी बारा वर्षे नव्हे, दहा महिनेही लोटलेले नसतील. सुरक्षा व्यवस्थेची जबाबदारी असलेल्यांनी नॉक्सव्हिलची ती रात्र विसरता कामा नये.

याच लुइझियानाला अशा दुःखाचा अनुभव नाही असेही नाही. एलएसयूला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे निक सेबन २००४ च्या हंगामानंतर व्यावसायिक फुटबॉलकडे गेले आणि २००७ मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक म्हणून महाविद्यालयीन खेळात परतले. नोव्हेंबर २००८ मध्ये ते बॅटन रूजला आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला शिव्यांची लाखोली होती. अलाबामाने जादा वेळेत २७-२१ असा विजय मिळविला. पुढे सेबन यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. ज्यांनी तेव्हा सेबन यांना दूषणे दिली, तेच आता किफिन यांच्या आगमनाचा उत्सव करीत आहेत. ओल मिसच्या चाहत्यांना या गोष्टीची मोठी गंमत वाटते.

क्रीडादृष्ट्या या सामन्याचे मोल नव्या रचनेमुळे काहीसे बदलले आहे. २०२६ पासून या गटात प्रत्येक संघ आठऐवजी नऊ गटांतर्गत सामने खेळणार असून त्यांपैकी तीन प्रतिस्पर्धी दरवर्षी कायम राहतील. ओल मिस आणि एलएसयू यांना परस्परांचे कायम प्रतिस्पर्धी म्हणून ठेवण्यात आले आहे. त्यामुळे ही भेट एकदाची होऊन संपणार नाही. २०२७ मध्ये ओल मिसला बॅटन रूजला जावे लागेल. नऊ सामन्यांच्या गटात सप्टेंबरमधील एका पराभवाने प्लेऑफचे दार बंद होत नाही. परंतु एलएसयूला ५ सप्टेंबर रोजी क्लेमसनसारख्या संघाशी सलामीचा सामना खेळायचा आहे. तो हातचा गेला आणि ऑक्सफर्डमध्येही हार झाली, तर ऑक्टोबर उजाडण्यापूर्वीच दोन पराभव पदरी पडतील, आणि टेक्सास, अलाबामा व टेक्सास ए अँड एम यांच्याविरुद्धचे सामने पुढे उभे असतील. ओल मिसवरचे दडपण वेगळ्या जातीचे आहे. त्यांना हरण्याची मुभा आहे, फक्त या सामन्यात नाही.

अंदाज वर्तवायचा झाला तर यजमानांचे पारडे थोडे जड आहे. घरचे मैदान, रुळलेला क्वार्टरबॅक आणि प्रतिस्पर्ध्याची नस ठाऊक असलेला प्रशिक्षक या तीन गोष्टी त्यांच्या बाजूने आहेत. चुरस शेवटच्या काही मिनिटांपर्यंत टिकली, तर मात्र चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथाडायचा की पुढे जायचे हा निर्णय किफिन यांना पुन्हा त्याच मैदानावर, पण समोरच्या सीमारेषेवर उभे राहून घ्यावा लागेल. ते पुढे जाण्याचाच निर्णय घेतील, हे त्या क्षणी स्टेडियममधील चौसष्ट हजार प्रेक्षकांना ठाऊक असेल. गोल्डिंग यांनाही.