काळा धूर म्हणजे ताकद नव्हे

लावणीचे दिवस आले की पनवेल तालुक्यातील भातखाचरांत पॉवर टिलरचा आवाज घुमू लागतो. बेलपाड्याभोवतीची खाचरे नगरवसाहतीत गेली. तथापि तालुक्यातील उरलेल्या भातशेतीत चिखलणीस याच यंत्राचा आधार आहे. टिलर ओढीत नाही असे दिसताच पंपाचे सील तोडून इंधनाचा स्क्रू फिरविण्याची खोड मात्र घातक आहे. काळा धूर निघाला म्हणजे ताकद वाढली, हा समज सोडावयास हवा.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून अधिकच हवी. साध्या डिझेल इंजिनात हवा दर खेपेस जवळजवळ तेवढीच येते. कमीजास्त होते ते इंधन. ते हवेच्या मानाने वाढले की अर्धवट जळते. तोच हा काळा धूर.

भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले. अशा ट्रॅक्टरांत बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक इंधनाचे माप ठरवितो. इंजिनाची गती, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि उष्णतामान संवेदकांकडून कळताच नोझल केव्हा व किती वेळ उघडावे, याचा हिशेब तो क्षणार्धात करतो.

आपल्या टिलरवर असा पहारेकरी नाही. गव्हर्नरची फिरती वजने गतीनुसार इंधन कमीजास्त करतात. हवा मोजीत नाहीत. म्हणूनच इंधनाची कमाल मर्यादा कारखान्यातच बांधून सील लावलेले असते. ते तोडणे म्हणजे भरल्या खाचराचा बांध आपणच फोडणे होय. जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते, पिस्टन तापतो आणि ऐन लावणीत इंजिन बसते. मग भाड्याचे यंत्र मिळेपर्यंत रोपांचे वय उलटते.

ओढ कमी वाटल्यास प्रथम हवेचा व डिझेलचा फिल्टर साफ आहे का ते पाहावे आणि नोझल जाणत्या कारागिराकडून दाबयंत्रावर तपासून घ्यावे. स्क्रूला हात लावू नये.

यंत्र घेण्यास अनुदान मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु पहिल्या पावसापूर्वी गावोगावी नोझल व पंप तपासणीची सोय आणि यंत्र राखण्याचे शिक्षण त्यास जोडल्यावाचून त्या पैशाचे चीज होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर यंत्राचा नियंत्रक शेतकरी बंधूंनी स्वतःच व्हावे.