काटा कुणी मारला?

आमच्या कुंभार पिंपळगावात (ता. घनसावंगी, जि. जालना) माझ्या मावसभावाचं मोबाइल-झेरॉक्सचं दुकान आहे. हार्ड डिस्क विकली की त्याला हमखास ऐकावं लागतं, "एक टीबीचे पैसे घेतले, अन् हे तर ९३१ जीबीच दाखवायलंय!" हा उसाचा भाग. इथे काटामारी हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही.

आपण शहरातले इंजिनियर यावर काय सांगतो? "कंपन्या फसवतात" किंवा "फॉरमॅटिंगमध्ये जातं". साफ चूक! फॉरमॅटिंगला थोडी जागा लागते, पण हा फरक त्याचा नव्हे.

१ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट. डिस्कवर तेवढे असतातच. विंडोज त्या आकड्याला तीनदा १०२४ ने भागतं, उत्तर येतं ९३१, आणि पुढे बिनदिक्कत 'जीबी' लिहितं. या मापाचं खरं नाव गिबिबाइट. आयईसी या मानक संस्थेने १९९८ मध्येच बारसं केलंय त्याचं.

१०२४ रॅमला शोभतं, कारण तिथे पत्त्याची एकेक लाइन वाढली की जागा दुप्पट होते. डिस्कवर नुसते सेक्टर मोजायचे, तिथे दोनाच्या घाताचं काय काम? आयबीएमची १९५६ ची पहिली हार्ड डिस्कसुद्धा ५० लाख अक्षरांची म्हणूनच ओळखली जायची. आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीत एमबी म्हणजे १००० गुणिले १०२४. म्हणजे तिसराच शेर!

आपल्याकडेही शेर प्रांतोप्रांती बदलायचा. म्हणून तर १९५६ मध्ये कायदा करून मेट्रिक मापं आणली. किलो म्हणजे हजार, विषय संपला. कॉम्प्युटरवाल्यांनीच तेवढी सूट का घ्यावी?

कंपन्या काही संत नाहीत, मोठा आकडा त्यांना हवाच असतो. पण खोक्यावर त्या बारीक अक्षरांत का होईना '१ जीबी = १०० कोटी बाइट' छापतात. स्क्रीनवर तेवढंही नसतं. अ‍ॅपलने २००९ मध्ये स्नो लेपर्डपासून हजाराचा हिशोब धरला, कुणाचं काही बिघडलं नाही. मायक्रोसॉफ्टने हजाराने मोजावं, नाहीतर नाव तरी बदलावं.

चूक लेबलाची, आणि चोर ठरतो गावातला दुकानदार, ज्याचा धंदाच विश्वासावर चालतो. तेव्हा पुढच्या वेळी "कंपन्या लुटतात" म्हणण्याआधी ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. बाइटचा पूर्ण आकडा तिथेच असतो. मोजा आणि मग बोला!