वेश कुणी ठरवायचा?

मागच्या रविवारी बोनकोड्यातल्या आमच्या गच्चीवर एक ओढणी वाळत होती. वर काळी, खाली येता येता जांभळी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मॅडम, होळी तर कधीच झाली. अजून काय रंगवताय?" मी म्हटलं, "मी नाही, लेकीने रंगवलीय. केस आहेत ते." काकू हसल्या. समजलं काहीच नसावं. खरं तर मलाही समजायला महिनाभर लागला होता.

लेक अकरावीला आहे. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये कॉस्प्लेची स्पर्धा होती. कॉस्प्ले म्हणजे कॉमिक, सिनेमा, गेम किंवा जपानी ॲनिमेमधल्या पात्राचा वेश करून लोकांसमोर येणं. तिने निवडलं 'डीमन स्लेयर'मधलं शिनोबू कोचो हे पात्र. गडद रंगाचा, अंगभर गणवेश, त्यावर फुलपाखराच्या पंखांच्या नक्षीचा पांढरा झगा, आणि टोकाकडे जांभळे होत जाणारे काळे केस. लेक हिजाब करते. विग लावायचा नाही, असं तिचं तिनेच ठरवलं. केसांचा रंग तिने ओढणीला दिला आणि फुलपाखराची क्लिप फोमची करून ओढणीवर टाचली.

घरात दोन्ही बाजूंनी बोलणी बसली. एका नातेवाईकांनी फोनवर सुनावलं, "जपान्यांचं सोंग घेणं आपल्यात बसतं का? हा तशब्बुह आहे, दुसऱ्या कौमेची नक्कल." दुसरीकडे तिच्याच ग्रुपमधल्या एका मुलाने लिहिलं, "हिजाब घालून शिनोबू? मग ती शिनोबू कसली?" एकाला ती पुरेशी मुसलमान वाटत नव्हती, दुसऱ्याला पुरेशी शिनोबू. मी आलिमा नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण या दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: हिने कसं दिसावं ते आम्ही ठरवणार.

मला आठवली ती तिची तिसरी. शाळेत 26 जानेवारीला 'अनेकतेत एकता' हा देखावा होता. फेटा बांधलेला एक, पगडीवाला शीख एक, क्रॉस घातलेली एक मुलगी. बाईंनी लेकीला सांगितलं, "तू मुस्लिम हो." सोबत यादी: काळा बुरखा, चमकीची किनार, डोळ्यांत सुरमा. घरी येऊन तिने विचारलं, "अम्मी, मी तर आहेच ना, मग होऊ कशी?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. माझी नानी आयुष्यभर नऊवारी नेसली, बाहेर निघताना डोक्यावरून पांढरी चादर घ्यायची. अम्मी पाचवारी नेसते. मी सलवार-कमीज घालते. त्या यादीतला वेश आमच्या तीन पिढ्यांत कुणीच घातलेला नव्हता. तरी तो आमचा ठरला होता.

इथे कबुली द्यायला हवी. मी ज्या शाळेत शिकवते तिथे एकाच इमारतीत उर्दू आणि मराठी माध्यमाचे वर्ग भरतात. संयुक्त कार्यक्रमात 'मुस्लिम' व्हायला उर्दूच्या वर्गातून मुलं मागवली जातात. त्यांच्यासाठी जाळीच्या टोप्या आणि चौकड्यांचे रुमाल गोळा करून वर्षानुवर्षं कपाटात ठेवणारी शिक्षिका मीच. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवण्याआधी ते कपाट उघडावं लागतं.

वेश धारण करणं आपल्या मातीला नवं नाही. पोलिसाच्या गणवेशात दारात येऊन घरमालकालाच दरडावणारा बहुरूपी आमच्या पिढीने पाहिला आहे. तळकोकणात दशावतार आजही रात्रभर रंगतो. आणि मुसलमानांचं म्हणाल तर जाफर शरीफ यांचं 'कानून-ए-इस्लाम' हे दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवरचं पुस्तक 1832 मध्ये इंग्रजीत छापलं गेलं. त्यात मोहरममध्ये घेतल्या जाणाऱ्या सोंगांचं मोठं वर्णन आहे, अंगावर पट्टे रंगवलेला वाघसुद्धा आहे. ती सोंगं योग्य की अयोग्य, यावर आलिमांनी जरूर बोलावं. पण 'आपल्यात हे कधी नव्हतंच' असं म्हणता येणार नाही.

सोंगातून रोजची शैलीही घडते. बालगंधर्व रंगभूमीवर ज्या थाटाने शालू नेसत, दागिने घालत, केस बांधत, त्या थाटाचं अनुकरण घरंदाज बायकांनी केलं. पुरुषाने स्त्रीचा वेश केला आणि त्यावरून स्त्रियांनी आपला वेश बेतला.

आजच्या कॉस्प्लेमागेही एका बाईची सुई आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन झालं, तिथे मायर्टल डग्लस आणि फॉरेस्ट ॲकरमन भविष्यकाळातले वेश घालून गेले. दोन्ही वेश मायर्टलनेच तयार केले होते. 'कॉस्प्ले' हा शब्द पुढे 1980 च्या दशकात जपानमध्ये रुजला. आपल्याकडे कॉमिक कॉन 2011 मध्ये दिल्लीत सुरू झालं, पुढे मुंबईत आलं. आता तयार पोशाख ऑनलाइन मिळतात, थ्रीडी प्रिंटरवर मुखवटे निघतात. पण मला मोलाचा वाटतो तो दुसरा प्रवाह. पात्र जसंच्या तसं उतरवण्यापेक्षा ते आपल्या अंगाला, खिशाला आणि श्रद्धेला जुळवून घेणारा. मलेशिया-इंडोनेशियातल्या मुलींनी ओढणीच्या घड्या घालून पात्रांच्या केसांचे आकार उभे केले. 2014 मध्ये कमला खान ही मुस्लिम मुलगी 'मिस मार्व्हल' म्हणून स्वतःच्या कॉमिकमध्ये आली, तेव्हा तिने पहिला पोशाख बुर्किनीपासून बनवला होता. 2022 च्या मालिकेत तिचा पोशाख तिची अम्मी शिवते. लेकीने मला तो भाग मुद्दाम दाखवला. इशारा कळला.

वाशीला गाडी बदलून आम्ही मस्जिदला उतरलो, मंगलदास मार्केटमधून कापड घेतलं. झगा मी शिवला, अस्तर आणि बकरमसकट. बाकी सगळं तिचं. फोमची शीट कापून, गरम करून वळवायची, चिकटवायची, वर रंगाचे तीन हात. पंखांची नक्षी पाच वेळा चुकली. एरवी भूमितीच्या वहीला हात न लावणारी मुलगी दोन्ही बाह्यांवर नक्षी सारखी यावी म्हणून रात्री अकराला कंपास घेऊन बसली होती. तलवार सनबोर्डची. मला यात नुसती नक्कल दिसली नाही. अभ्यास दिसला, निवड दिसली, आणि कुठे वाकायचं नाही याचा विचारही दिसला.

काळजी आहेच. वेशातल्या मुलींचे न विचारता फोटो काढणं, अंगाला हात लावणं, असे प्रकार जगभर घडतात. म्हणून 2014 मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनने मोठे फलक लावले होते: कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे. आपल्या कॉलेजांनीही असे फलक लावावेत. खर्चाचंही भान हवं. हौस कर्जात जाऊ नये, इतकं आईबाप म्हणून आपण सांगू शकतो. पण मुलीला वेशच करू नकोस म्हणणं हा या काळज्यांवरचा उपाय नव्हे.

लेकीला बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी विचारलं, "केस का नाही केलेत?" ती म्हणाली, "केलेत की, मॅडम. हेच आहेत." घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा तिसरीतल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मुसलमान ती आहेच, व्हायची होती ती शिनोबू. ते तिने ठरवलं आणि स्वतःला न पुसता ती झाली.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढीच विनंती. पुढच्या 26 जानेवारीला मुलांच्या हातात वेशाची यादी देण्याआधी त्यांना विचारा, तुला कोण व्हायचंय? मी शाळेतलं ते कपाट रिकामं केलं आहे. टोप्या मुलांना देऊन टाकल्या, ज्याला घालायची तो घालेल. उर्दूच्या चौथीतल्या एकाने आत्ताच नाव नोंदवलंय. त्याला एसटीचा कंडक्टर व्हायचंय आणि तिकिटाचं मशीन तो स्वतः बनवणार आहे.