बेकारभत्त्याचा अर्ज हेही लढ्याचेच काम

भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क सांगितला आहे, आणि बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी राज्याने नागरिकाला साहाय्य द्यावे असेही म्हटले आहे. परंतु त्याच घटनेचे ३७ वे कलम सांगते की, ही तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येणार नाहीत. या दोन कलमांच्या फटीत देशातील बेकार कामगार गेली पाऊणशे वर्षे उभा आहे. त्याच्या पदरात जे काही पडले ते तुकड्यातुकड्यांनी, एकेका योजनेच्या रूपाने पडले. आणि जे पडले तेही घरी नेता येईल की नाही, हे एका कागदावर, एका शिक्क्यावर आणि बहुधा मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले. कामगार चळवळीने या प्रश्नाकडे ‘कचेरीतले किरकोळ काम’ म्हणून पाहणे आता थांबवले पाहिजे.

तरतूद किती, आणि कोणासाठी?

औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केला. त्याच्या आधारे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरील इजा यांना त्या विम्यात जागा मिळाली; बेकारीला मिळाली नाही. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या काळात निम्मा पगार आणि कामगारकपात झाल्यास नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, अशी भरपाई आली. पण ती मालकाने द्यावयाची होती. मालकच गिरणीला कुलूप लावून परागंदा झाला तर भरपाईचा हक्क कुलपाआड राहत असे.

विम्याच्या चौकटीत बेकारभत्ता आला तो २००५ साली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने. कारखाना बंद पडल्यास, कपात झाल्यास किंवा कायमचे अपंगत्व आल्यास हा भत्ता होता. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक म्हणून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. प्रारंभी तिचा दर सरासरी दैनिक कमाईच्या अवघा २५ टक्के होता आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावे लागे. २०२० च्या टाळेबंदीने कोट्यवधी श्रमिक रस्त्यावर आल्यानंतर दर ५० टक्के झाला, थांबण्याची मुदत ३० दिवसांवर आली आणि अर्ज मालकाच्या हातून न पाठवता थेट शाखा कार्यालयात देण्याची मुभा मिळाली. मात्र संपूर्ण आयुष्यात मिळून जास्तीत जास्त ९० दिवस, ही मर्यादा राहिली. २०१८ पासून ही योजना मुदतवाढीवर जगत आली आहे. कायमचा हक्क म्हणून तिला कधी मान्यता मिळाली नाही.

हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. दरमहा १२,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराची दोन वर्षांची एकूण कमाई २,८८,००० रुपये. तिला ७३० दिवसांनी भागून सरासरी निघते सुमारे ३९४ रुपये. तिच्या निम्म्याने ९० दिवसांचे सुमारे १७,७५० रुपये होतात. कंत्राटी कामगाराला दोन वर्षांत मध्येच चार महिने घरी बसवले असेल तर कमाई घटते, भागायचे दिवस मात्र तितकेच राहतात. म्हणजे ज्याची नोकरी अधिक अस्थिर त्याचा भत्ता कमी. रक्कम तुटपुंजी आहे यात शंका नाही. पण खोलीचे थकलेले भाडे आणि किराणावाल्याची उधारी यांच्यामध्ये सापडलेल्या कुटुंबाला अठरा हजार रुपये म्हणजे तीन महिने शहरात तग धरणे असते. तग धरलेला कामगार पुढच्या दारात निम्म्या मजुरीवर काम पत्करत नाही. बेकारांच्या राखीव फौजेचा उपयोग मजुरी पाडण्यासाठी कसा होतो हे मार्क्सने दाखवून दिले; बेकाराच्या हाती आलेला प्रत्येक रुपया त्या दडपणाला तेवढा उतार देतो. म्हणून हा प्रश्न दयेचा नाही, मजुरीचा आहे.

अर्ज कोठे अडतो?

अर्ज अडण्याच्या जागा ठरावीक आहेत आणि त्या ओळखता येतात.

पहिली जागा वर्गणीची. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालकाने सव्वातीन टक्के घालावयाचे असतात. कपात होते, भरणा होत नाही. भत्त्यासाठी किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी. बेकारीच्या लगत आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत तेवढ्याच दिवसांची वर्गणी हवी. भरणा बुडाला की हे दिवस भरत नाहीत आणि अर्ज फेटाळला जातो. मालकाची कसूर कामगाराच्या माथी मारण्याचे काहीही कारण नाही. कसूर करणाऱ्या मालकाकडून रक्कम वसूल करण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्याने महामंडळाला दिला होता, आणि कापलेली वर्गणी न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरवलेला होता. येथे पगारपत्रक, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे आणि हजेरीचा पुरावा हीच कामगाराची शस्त्रे. नोकरी गेल्यावर ती गोळा होत नाहीत; नोकरी असतानाच जपावी लागतात.

दुसरी जागा विमा क्रमांकाची. कामगाराचा क्रमांक जन्मभर एकच असावयाचा असतो. परंतु कंत्राटदार बदलला की नवा कंत्राटदार जुना क्रमांक न विचारता नवा काढून मोकळा होतो. दोन वर्षांची नोकरी दोन क्रमांकांत विभागली जाते आणि कोणत्याही एका खात्यावर दोन वर्षे दिसत नाहीत. दोन्ही क्रमांक जोडून घेण्याचा लेखी अर्ज भत्त्याच्या अर्जाच्या आधी गेला पाहिजे.

तिसरी जागा नोकरी सुटण्याच्या कारणाची. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला, निवृत्त होणाऱ्याला आणि गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढलेल्याला या योजनेतून भत्ता नाही. टाळेबंदीचा काळ आणि बेकायदा ठरवलेल्या संपाचा काळही वगळलेला आहे. याचा अर्थ मालकवर्गाला चांगला समजतो. कपात करावयाची, पण कामगाराकडून ‘राजीनामा’ लिहून घ्यावयाचा; युनियन बांधणाऱ्याला घरगुती चौकशीत दोषी ठरवावयाचे; आणि एकाच सहीने नोकरी व भत्ता दोन्ही हिरावावयाचे. ‘हिशेब हवा असेल तर सही कर’ असे सांगितले जाते त्या क्षणीच युनियनचा माणूस तेथे हवा. सही होऊन गेली असेल तर ती दबावाखाली घेतली गेली, ही लेखी तक्रार त्याच आठवड्यात नोंदली गेली पाहिजे.

चौथी जागा नावाची आणि खात्याची. आधार कार्डावर एक स्पेलिंग, विम्याच्या नोंदीत दुसरे, जन्मतारखेत फरक, आणि बँक विलीन झाल्याने बदललेला शाखेचा सांकेतिक क्रमांक. एप्रिल २०१९ मध्ये देना बँक व विजया बँक, एप्रिल २०२० मध्ये सिंडिकेट बँक व इतर काही बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. जुना क्रमांक लिहिलेला मंजूर भत्ताही परत जाऊ शकतो. या दुरुस्त्या साध्या आहेत. पण सुरत, भिलाई, बेंगळुरू येथून काम सुटून लातूर-बीडच्या गावी परतलेल्या मजुराला एका अक्षरासाठी शेकडो मैलांचा हेलपाटा पडतो, आणि तो अर्जाचा नाद सोडून देतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र तोंडी नकाराची. ‘कागद अपुरे आहेत, नंतर या’ या वाक्याविरुद्ध अपील होत नाही, कारण त्याचा कागद नसतो. अर्ज द्यावा, तारखेची पोच घ्यावी, आणि नकार असेल तर तो कारणांसह लेखी मागावा. लेखी नकार हाती आला की वरिष्ठ कार्यालय आणि कर्मचारी विमा न्यायालय यांचे दार उघडते.

गावातही तेच

ग्रामीण मजुराची कहाणी वेगळी नाही. १९७२ च्या दुष्काळातील मजुरांच्या लढ्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रात १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता, दिवसाला किमान एक रुपया, ही तरतूद त्यात होती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने, ज्याच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये दुसरा कायदा संमत केला, तो भत्ता पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान चौथा हिस्सा व पुढे किमान निम्मा केला. मजुरीचा पैसा केंद्राकडून येई, भत्त्याचा बोजा मात्र राज्याच्या तिजोरीवर पडे. मग यंत्रणेने सर्वांत सोपा उपाय शोधला: कामाची मागणीच नोंदवावयाची नाही. नमुना ४ चा अर्ज घ्यावयाचा, पण तारखेची पोच द्यावयाची नाही. पोच नाही म्हणजे पंधरा दिवसांची मोजणी सुरू होत नाही, आणि मोजणी नाही म्हणजे भत्ता नाही. शहरात मालकाची सही आणि गावात कचेरीचा शिक्का. हक्काची किल्ली दोन्हीकडे देणेकऱ्याच्याच खिशात ठेवलेली आहे.

‘हे सुधारणावादी काम’?

अर्ज भरून देणे हे सुधारणावादी काम आहे, त्याने कार्यकर्ते कारकून बनतात, असा आक्षेप चळवळीत अधूनमधून घेतला जातो. त्याला इतिहासाने उत्तर दिले आहे. ब्रिटनमध्ये १९२१ साली बेकारांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिचा नेता वॉल हॅनिंग्टन हा कम्युनिस्ट अवजार-कामगार होता. त्याच काळात तेथे ‘मनापासून काम शोधत असल्याचे’ बेकारानेच सिद्ध करावे अशी अट घालण्यात आली होती. संघटनेने भूकमोर्चे काढले, आणि त्याच कार्यकर्त्यांनी भत्ता नाकारलेल्या एकेका बेकाराची बाजू निवाडा मंडळांपुढे मांडली. १९३० मध्ये ती अट रद्द झाली. मोर्चातली माणसे या दाव्यांतून आली आणि दाव्यांना बळ मोर्चातून मिळाले. एका कामगाराचा फेटाळलेला अर्ज ही तक्रार असते. एकाच कारखान्यातील ऐंशी फेटाळलेले अर्ज एका यादीत मांडले की ते मालकाविरुद्धचे आरोपपत्र होते.

आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच की, कामगाराला रांगेत एकटा उभा करून त्याच्यासाठी कोणीतरी फॉर्म भरणे ही मध्यस्थी झाली, संघटना नव्हे. फरक कामाच्या पद्धतीत आहे.

करावयाचे काय?

प्रत्येक युनियन कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ भत्त्याच्या दाव्यांसाठी राखून ठेवली पाहिजे. सभासदांची वर्गणी भरली जाते की नाही याची तपासणी दर सहामाहीच्या अखेरीस, म्हणजे सप्टेंबर व मार्चनंतर, नोकरी चालू असतानाच झाली पाहिजे. फेटाळलेल्या दाव्यांची कारणवार नोंदवही ठेवून ती विमा महामंडळाच्या समित्यांतील कामगार प्रतिनिधींकडे पोहोचवली पाहिजे. परप्रांतात काम करणाऱ्या मराठी कामगाराचा दावा गावच्या कार्यकर्त्याने आणि त्या शहरातील युनियनने मिळून चालवला पाहिजे.

आणि मागण्या स्पष्ट हव्यात. कपात झाल्याचा पुरावा असेल तेथे भत्ता आधी द्यावा, वसुली मालकाकडून मागाहून करावी. राजीनामा स्वेच्छेचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकावी. टाळेबंदीच्या काळाला भत्त्यातून वगळू नये. तारखेची पोच नाकारणे हा दंडनीय अपराध ठरवावा. योजनेची मुदतवाढ बंद करून तिला कायद्यातील कायमचा हक्क करावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. जुने नियम जाऊन नवे येण्याचा हा काळ आहे. नियमांतील एकेक शब्द उद्या हजारो अर्जांचे भवितव्य ठरवणार आहे. कामगार संघटना यात बोलल्या नाहीत, तर तो शब्द मालकांच्या संघटना लिहितील.