शनिवारी रात्री दीड

रात्री पावणेदोनला फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं आणि मग चष्मा सापडतो. नंबर अनोळखी होता.

"मॅडम, मी टी-टूला पाटी घेऊन उभाय. पॅसेंजर दिसंना."

"येतील हो. बॅगा यायला वेळ लागतो," असं म्हणून मी कूस बदलली, आणि दोनच मिनिटांत अंथरुणात उठून बसले. ज्या मावशीसाठी ही गाडी धाडली होती ती त्या घटकेला अमेरिकेत, नेवार्कच्या विमानतळावर, मुलाचा निरोप घेत होती. तिचं विमान अजून जमिनीवर होतं. मुंबईत उतरायला तिला जवळजवळ चोवीस तास होते.

चूक कुणाची, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मावशी फोनवर म्हणाली होती, "शनिवारी रात्री दीडला उतरते गं." मी बुकिंग करताना वार शनिवार आणि वेळ एक-तीस टाकली. आता कॅलेंडरचा शनिवार शुक्रवारी मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे शनिवारचे रात्रीचे दीड हे शुक्रवारी जेवून आडवं झाल्यावर लगेच वाजतात. मावशीचा शनिवार मात्र उजाडल्यावर सुरू होतो आणि रविवार उजाडेपर्यंत टिकतो. आल्यावर तिला हे ऐकवलं, तर ती शांतपणे म्हणाली, "दिवस उजाडल्याशिवाय वार कसा बदलेल?" पंचांग तिच्या बाजूने आहे. तिथे वार सूर्योदय ते सूर्योदय असाच मोजतात. एकतीस वर्षं बँकेत तारखेचे शिक्के मारलेल्या माझ्यासारख्या बाईला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

ड्रायव्हर जुन्नरकडचा होता. त्याला सगळं सांगितलं तर क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग उद्या याच टायमाला येऊ का, ताई?" पूर्ण भाडं, पार्किंग आणि पाऊण तासाचं वेटिंग मिळून १,६५० रुपये मी चुकीच्या शनिवारला वाहिले.

ही विमानं दिवसाढवळ्या उतरली असती तर हा घोळ झालाच नसता. पण युरोपातून दुपारी निघालेलं विमान आठेक तास उडतं, घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे सरकतं, आणि ते मुंबईला मध्यरात्री टेकतं. तेच विमान पहाटेच्या आत परत फिरवलं की तिकडे सकाळी पोहोचतं, पुढे जाणाऱ्या विमानांना त्यातले प्रवासी मिळतात. विमान कंपन्यांच्या सोयीचं हे गणित आहे. आपल्या वाट्याला येते ती रात्री दीडची वेळ, जिला कुठला वार म्हणायचं यावर मावशी आणि मी भांडतो.

"एवढी गाडी कशाला बुक करतेस? ती अॅपवरून घेईल की," असं माझा न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणाला होता. तो दर वर्षी येतो आणि घेतो. मावशीचं तसं नाही. सहा महिने तिकडे राहिल्यावर तिच्या हिंदुस्थानी सिमकार्डात रिचार्ज नव्हता, आणि नव्वद दिवस न वापरलेलं कार्ड कंपनी बंद करू शकते. ते बंद झालंच होतं. अमेरिकेतलं सिम इथे मुकं. विमानतळाचं वायफाय घ्यायचं तर ते मोबाइलवर ओटीपी पाठवणार, आणि ओटीपी ज्या नंबरवर येणार तो नंबर मेलेला. नंबर नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून गाडी नाही, आणि यदाकदाचित गाडी मिळालीच तर ती सुरू करायला पुन्हा चार आकडी ओटीपी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने रात्री दोन वाजता त्या भल्यामोठ्या वाहनतळात पिलर नंबर शोधत फिरायचं, हे मला बघवेना.

बाकीचे मार्गही तपासून झाले होते. भुयारी मेट्रो आता टी-टूहून थेट दादरला येते, स्टेशन आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर, पण त्या वेळी मेट्रो झोपलेली. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात येऊच शकत नाही, म्हणजे सामानासकट मध्येच उतरा. राहिली काळीपिवळी. प्रीपेडचा काउंटर, हातात पावती, टपावर कॅरिअर, ही पद्धत मला अजूनही आवडते. पण २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर तिची ती ऐसपैस डिकीही गेली. नव्या काळ्यापिवळ्या आकाराने लहान, त्यात डिकीत सीएनजीची टाकी. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा टपावर दोरीने बांधायच्या, आणि आत बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, झिपलॉकच्या पिशव्यांचे गठ्ठे. हायवेवर दोर सुटला तर काय, या कल्पनेने मावशीला विमानातही झोप लागली नसती.

बुकिंग करताना डिकीचा विषय गाडीवाल्यानेच काढला, हे कबूल केलं पाहिजे. "लगेज किती?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. मी सेडान मागितली तर म्हणाला, "सेडान सीएनजी आहे, मोठी बॅग एकच बसेल. एर्टिगा घ्या, मागची सीट पाडून देतो." त्यानंतर मी विचारायला हवं होतं ते सगळं त्यानेच विचारलं: फ्लाइट नंबर काय, टी-वन की टी-टू, टोल-पार्किंग धरून की वेगळं, वेटिंग कुठून मोजायचं. शेवटचा मुद्दा पैशाचा असतो. वेटिंग विमान उतरल्यापासून मोजणारे असतात आणि बुकिंगच्या वेळेपासून मोजणारेही असतात. विमान तासभर उशिरा आलं तर दुसऱ्या प्रकारात तुमचा मीटर विमान आकाशात असतानाच पडलेला असतो. फ्लाइट नंबर घेणारा गाडीवाला विमानावर लक्ष ठेवून निघतो. माझ्याकडून त्याने फ्लाइट नंबर मागितला होता आणि मी "नंतर पाठवते" म्हणून पाठवला नव्हता. पाठवला असता तर असं विमान आज येतच नाहीये, हे त्यालाच कळलं असतं.

आमच्या लहानपणी अशा चुका व्हायच्याच नाहीत, असं आई म्हणते. व्हायच्या, पण खपून जायच्या. १९८०च्या दशकात वडिलांचे चुलतभाऊ अमेरिकेहून पहिल्यांदा आले तेव्हा सहारला आम्ही अकराजण गेलो होतो. भाड्याची मॅटाडोर, झेंडूचा हार, थर्मासमध्ये चहा, डब्यात धपाटे. विमान चार तास उशिरा आलं तरी कुणाला काही वाटलं नाही, कारण धपाटे होते. काका चुकीच्या दाराने बाहेर पडले तर अकरांतला एकजण धावत गेला. परतताना असं लक्षात आलं की अकराजण, काका आणि त्यांच्या बॅगा मॅटाडोरमध्ये मावत नाहीत. दोन टॅक्स्या कराव्या लागल्या. ज्याला आणायला गेलो तो एका टॅक्सीत एकटाच, मांडीवर व्हीसीआर घेऊन.

त्या गर्दीची मला आठवण येते, पण ती परत यावी असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी अकराही जणांना कामं असायची आणि अकराही जण डुलक्या काढायचे. आता "घ्यायला येतो" याऐवजी "गाडी पाठवलीय" असं म्हणतात आणि काही जुन्या मंडळींना ते लागतं. मला ते समजूतदारपणाचं वाटतं. पेंगणाऱ्या भाच्यापेक्षा जागा ड्रायव्हर बरा. फक्त जे काम अकराजण मिळून करायचे ते आता एका मोबाइल नंबरवर आणि एका पाटीवर येऊन पडलंय.

पाटीवरून आठवलं. दुसऱ्या रात्री, म्हणजे मावशीच्या खऱ्याखुऱ्या शनिवारी, जुन्नरचाच ड्रायव्हर पुन्हा गेला. या वेळी मी जागी होते. पावणेतीनला एक वेगळाच नंबर आला. कुणा सहप्रवाशाचा फोन मागून मावशी बोलत होती.

"अगं, गाडी आलीच नाही की. सगळ्या पाट्या वाचल्या. दोनदा वाचल्या."

मी ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी गेटच्या तोंडाशीच आहे. एक आजी दोनदा पुढनं गेल्या. पातळ, वर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज. मी म्हटलं, 'आजी, दादरला जायचंय का?' तर माझ्याकडं बघितलं नाही आणि बॅगा घट्ट धरून पळाल्याच."

पळणारच. निघताना मुलाने बजावलं होतं, मुंबईच्या विमानतळाबाहेर कुणी "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत आला तर त्याच्याशी बोलायचं नाही. आणि पाटीवर? पाटीवर माझं आडनाव होतं. बुकिंग माझ्या नावावर, म्हणून गाडीवाल्याने पाटी माझ्या नावाची केली. तेही सासरचं आडनाव, जे मावशीने माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर एकदा वाचलं असेल. तिच्या लेखी मी तीस वर्षं झाली तरी तिच्या बहिणीची धाकटीच आहे. इंग्रजी अक्षरांत ठळक छापलेलं ते आडनाव तिने दोनदा वाचलं आणि कुणा परक्या माणसाची पाटी म्हणून सोडून दिलं.

शेवटी मी ड्रायव्हरला फोन स्पीकरवर टाकायला सांगितला आणि तो मावशीच्या दिशेने चालत गेला. गर्दीत, हात वर करून, त्यातून माझा आवाज: "मावशी, हाच तो! पांढरा शर्ट! जा याच्याबरोबर!" आजूबाजूच्या चार-पाच पांढऱ्या शर्टवाल्यांनी वळून पाहिलं, असं ड्रायव्हर नंतर सांगत होता.

गाडीत बसण्याआधी मावशीने नंबरप्लेट बघितली आणि पिवळी आहे याची खात्री केली. हे तिला कुणी शिकवलं कुणास ठाऊक, पण बरोबर आहे. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. बॅटरीवर चालणारी असेल तर हिरवी, आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी घेऊन कुणी "एअरपोर्ट पिकअप" म्हणून उभा राहिला तर त्याच्याकडे प्रवासी नेण्याचा परवाना नाही एवढं समजावं. काही झालं तर विम्याचाही घोळ. स्वस्त मिळते म्हणून अशी गाडी घेणारे आमच्याच सोसायटीत दोघे आहेत आणि त्यांना सांगून उपयोग नाही.

पुढचं सगळं पंचवीस मिनिटांत झालं. सहारच्या उन्नत मार्गावरून गाडी हायवेला लागली, कलानगर, माहीम, दादर. पहाटेची तीनची मुंबई. मावशीने वाटेत ड्रायव्हरच्या घरची सगळी चौकशी केली: शेती किती, द्राक्ष आहे का, मुलं काय शिकतात. दारात उतरली तेव्हा त्याच्या मुलीसाठी चॉकलेटचं पाकीट काढून दिलं होतं आणि मला म्हणाली, "चांगला आहे गं पोरगा. पण पाटीवर माझं नाव का नाही लिहिलं त्यानं?"

आता आणखी एक भानगड वाढली आहे. "सांताक्रूझ की सहार?" हा मुंबईचा जुना प्रश्न निदान एकाच विमानतळाच्या दोन दारांपुरता होता. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, उलव्याला, खाडीपलीकडे. तिकिटावर जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. तिकडून दादरला यायचं तर वाशीचा पूल किंवा अटल सेतू, भाडं वेगळं, टोल वेगळा, वेळ वेगळी. पनवेल-बेलापूरच्या माणसाला ते सोन्यासारखं, पण दादरच्या माणसाने चुकीच्या विमानतळावर गाडी पाठवली तर चुकीच्या शनिवारपेक्षा महाग पडेल. गेल्याच आठवड्यात मामांचा फोन आला, "पुढच्या महिन्यात मुंबईला उतरतोय, गाडी बघून ठेव." कुठल्या विमानतळावर, असं विचारलं. म्हणाले, "मुंबईच्या."

तेव्हा गणपतीला येणाऱ्या आमच्या आणि तुमच्या तमाम नातेवाइकांना एक विनंती. वार सांगू नका, वेळ सांगू नका, शहरही सांगू नका. तिकिटाचा फोटो पाठवा. आणि पाटीवर कुठलं नाव हवं ते त्याच्या खाली मराठीत लिहा.