दस्तरखानावरचे चायनीज

‘आज चायनीज आणू या ना!’ ही फर्माईश महिन्यातून एकदा तरी होत नाही असे घर आता शोधावे लागेल. फर्माईश मुलांची असते आणि पंचाईत आई-वडिलांची. कोंबडी जबीहाची आहे का, हे गाडीवाल्याला विचारायची मुलांना लाज वाटते. विचारलेच तर ‘हो हो, हलालच’ असे घाईत उत्तर मिळते आणि तेवढ्याने मन भरत नाही. मग घरात ‘बाहेरचे काही नको’ असा हुकूम निघतो आणि आठवी-नववीतली मुले ट्यूशनहून येताना मित्रांबरोबर गुपचूप खाऊन येतात. खाण्यापेक्षा ते लपवणे आम्हाला जास्त खटकते. म्हणून आमचे म्हणणे असे की नुसत्या नकारापेक्षा कढई चढवलेली बरी.

मुलांना आधी हे सांगावे की गाडीवरचे चायनीज फारसे चीनचे नाहीच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या खानसाम्याने १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केले, असे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची सगळी आपलीच. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर. शेजवान हे नाव सिच्वान प्रांताचे, पण तिथल्या मिऱ्यांचा आपल्या शेजवान चटणीत सहसा पत्ता नसतो. त्या मिऱ्यांची सख्खी नातेवाईक मात्र कोकणात बांगड्याच्या कालवणात पडते. ती म्हणजे तिरफळ! आणि चीनचे जेवण म्हणजे हरामच, असेही मुलांनी समजू नये. चीनमधले हुई मुसलमान शतकानुशतके हलाल स्वयंपाक करत आले आहेत. लानझोऊचा गोमांसाच्या रश्शातला नूडल्सचा वाडगा त्यांच्यामुळेच नावाजला.

आता बाटल्यांकडे वळू. स्वयंपाकाच्या व्हिडिओत चिनी राइस वाइन घालायला सांगतात. ती सरळ गाळावी, तिच्या जागी कोंबडीचे चमचाभर पाणी पुरते. सोया सॉस घेताना मागची चिठ्ठी वाचावी; काही परदेशी बाटल्यांत टिकण्यासाठी वेगळा अल्कोहोल घातलेला असतो आणि तसे लिहिलेलेही असते. सिरक्याबद्दल उगाच शंका घेतली जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सिरक्याला उत्तम सालन म्हटल्याची हदीस प्रसिद्ध आहे. किराणा दुकानातला सिंथेटिक सिरका तर ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी मिसळून केलेला असतो. ऑयस्टर सॉसचे प्रकरण मजेदार आहे. ऑयस्टर म्हणजे आपली कालवे. कोकणातल्या शाफई घरांना त्यांचे वावडे नाही, पण हनफी मसलकात मासळीखेरीज समुद्रातले इतर जीव चालत नाहीत. सासर हनफी आणि माहेर शाफई असेल तर ती बाटली न आणलेलीच बरी. चव तिच्यावाचून अडत नाही.

चार-पाच माणसांसाठी अर्धा किलो बोनलेस चिकन घ्यावे, शक्यतो मांडीचे, कारण छातीचे तुकडे तळल्यावर चिवट होतात. तुकडे बोराएवढे करून धुवावेत आणि चाळणीत पूर्ण निथळू द्यावेत. ओल्या चिकनला पीठ धरत नाही. त्यात एक अंडे, चमचाभर आले-लसूण वाटण, चमचाभर सोया सॉस, अर्धा चमचा मिरेपूड, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोर आणि दोन मोठे चमचे मैदा घालून अर्धा तास ठेवावे. मीठ बेतानेच घालावे, सोया सॉस मुळात खारट असतो. थोडे थोडे तुकडे मध्यम आचेवर तळून काढावेत, आतून गुलाबी राहता कामा नयेत.

लाल रंग मुळीच घालू नये. गोबी मंचुरियनमध्ये घातक रंग सापडल्यावर कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. काश्मिरी मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटल्या की हवा तेवढा रंग येतो.

कढईत दोन चमचे तेल कडकडीत तापवून दहा-बारा पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, आले आणि दोन हिरव्या मिरच्या परताव्यात. मग कांदा आणि सिमला मिरचीचे चौकोनी तुकडे घालावेत. ते करकरीत असतानाच मिरचीचे वाटण, दीड चमचा सोया सॉस, दोन चमचे टोमॅटो सॉस आणि एक चमचा सिरका घालावा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर कॉर्नफ्लोर कालवून ओतले की रस्सा चकाकतो. त्यात चिकन घोळवून वर पातीचा कांदा पेरावा. अजिनोमोटो आम्ही घालत नाही, लसूण हात न आखडता घातला की त्याची आठवण होत नाही.

फ्राइड राइस बिघडतो तो दोन कारणांनी. एक, भात मऊ असतो. कोलम किंवा बासमती, जो असेल तो भरपूर पाण्यात दाणा किंचित कच्चा असतानाच उतरवून निथळावा आणि परातीत पसरून गार करावा. दुसरे, गाडीवाल्याच्या भट्टीची आच आपल्या शेगडीला नसते. सगळा भात एकदम घातला की कढई थंडावते आणि भात परतण्याऐवजी वाफेवर शिजतो. म्हणून लोखंडी कढईत दोन-दोन माणसांपुरता भात परतावा. आधी अंडे मोडून घ्यावे, मग बारीक चिरलेली फरसबी, गाजर आणि कोबी मोठ्या आचेवर दोन मिनिटे, मग भात, मीठ, मिरेपूड आणि अगदी थोडा सोया सॉस. काळपट भात म्हणजे सोया सॉस जास्त झाला.

रात्रीचा उरलेला भात चालतो, किंबहुना सुटा होतो, पण तो शिजल्यावर तासाभरात गार करून फ्रीजमध्ये गेलेला असावा. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात जे जंतूंचे विष तयार होते ते पुन्हा गरम करूनही जात नाही. असा भात मुलांना देऊ नये.

भाज्या चिरायचे काम मुलांकडे द्यावे, मुलग्यांकडेसुद्धा. दोन कोबी वाकडेतिकडे चिरले जातील, तिसरा नीट होईल. एखाद्या जुम्म्याला त्यांचे दोन-चार मित्रही जेवायला बोलवावेत. रमजानमध्ये करायचे असेल तर भात सकाळीच शिजवून फ्रीजमध्ये ठेवावा आणि चिकन असरनंतर तळावे. रस्सा आणि भाताचे परतणे मगरिबची नमाज झाल्यावरच, कारण रश्शात पडलेले चिकन दहा मिनिटांत मऊ पडते.